दार लावून बसणारा कोळी

ठाणे : नागरीकरणाने वेढलेल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात आता नवे काही सापडायचे उरलेले नाही, हा समज २०२१ मध्ये एका चिमुकल्या कोळ्याने खोटा ठरविला. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप या अभ्यासकांनी या परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात उजेडात आणली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवत प्राणार्पण करणारे तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला 'आयसियस तुकारामी' हे नाव देण्यात आले.

हा कोळी निदान उघड्यावर वावरतो. जमिनीत बीळ करून त्याला दार लावून बसणाऱ्या 'ट्रॅपडोअर' गटातील कोळी मात्र पायाखाली असले तरी सहसा दिसत नाहीत. या गटातील 'टिजिडिया कोंकणेन्सिस' या जातीची शास्त्रीय नोंद २०१६ मध्ये झाली आणि तिच्या नावात कोकण कायमचे कोरले गेले. सह्याद्री आणि कोकणातील या गटाचा अभ्यास अजून पूर्ण व्हायचा आहे, हेच त्यावरून दिसते.

या कोळ्यांचे घर म्हणजे रेशमाचे अस्तर लावलेले बीळ. माती आणि रेशीम यांपासून केलेले झाकण एका बाजूने रेशमाच्याच बिजागरीला जोडलेले असते. झाकणावर माती किंवा शेवाळ चिकटलेले असल्याने ते भोवतालच्या जमिनीशी एकरूप होते. रात्री कोळी दाराआड दबा धरून बसतो. जवळून जाणाऱ्या कीटकाच्या हालचालीने जमिनीत उमटलेली कंपने जाणवताच तो झडप घालतो आणि भक्ष्यासह आत नाहीसा होतो. संकट आले तर आतून झाकण घट्ट ओढून धरतो.

वयात आलेला नर मादीच्या शोधात बीळ सोडतो. मादी मात्र बहुधा आयुष्यभर बिळातच राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये 'क्रमांक १६' म्हणून नोंदविलेली अशीच एक मादी २०१६ पर्यंत एकाच बिळात जगली. मृत्यूसमयी तिचे वय ४३ वर्षे होते. तिचा अंतही वार्धक्याने नव्हे, तर परजीवी गांधीलमाशीमुळे झाला असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

या दीर्घ आणि स्थिर जीवनक्रमातच या कोळ्यांची खरी अडचण आहे. त्यांची बहुतेक पिल्ले आईच्या बिळापासून फार दूर जात नाहीत. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या एकाच उतारावर वस्ती राहते. रस्त्यासाठी, इमारतीसाठी किंवा मुरुमासाठी तो उतार कापला गेला, की अनेक वर्षांची वस्ती एका दिवसात संपते आणि बाहेरून येऊन ती जागा पुन्हा भरून काढणारे कोणी नसते.

नागरी भागात वृक्षतोडीसाठी १९७५ च्या राज्य कायद्यान्वये परवानगी घ्यावी लागते. मात्र तो कायदा वृक्षांपुरताच आहे. टेकडीच्या मातीत काय दडले आहे, हे पाहण्याचे काम त्यामुळे अभ्यासक आणि जागरूक नागरिकांवरच येऊन पडते. ज्या प्राण्याला अद्याप नावच मिळालेले नाही, तो नाहीसा झाला तरी त्याची नोंद कोठेही होत नाही.