ऑइल सील, मोटारसायकलच्या गिअरपेटीतील
फिरता दंड जेथे पेटीबाहेर येतो, तेथून तेल गळू नये म्हणून बसविलेले कडे. त्यातील कृत्रिम रबराचा ओठ वेटोळ्या स्प्रिंगमुळे दंडावर टेकून राहतो. जुनी गाडी वर्षानुवर्षे उभी असली, तरी रबर कडक होऊन गळती सुरू होते. 1969 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आर 75/5 या गाडीचा क्लच कोरडा असल्याने, गिअरपेटीच्या पुढील दंडाचे सील गळाल्यास तेल क्लचच्या तबकडीवर जाऊन ती घसरते. नवे सील बसविताना त्याच्या ओठाची स्प्रिंग तेलाच्या बाजूस ठेवतात, ओठाला तेल लावतात आणि कडे तिरके न होऊ देता दाबून बसवितात. जुन्या ओठाने दंडावर खाच पाडली असल्यास तिचाही बंदोबस्त करावा लागतो. अन्यथा नवे सीलही गळते.