अडगळ कोणाच्या दारी न्यावी?

माळा आवरला की ‘कोणा गरिबाला देऊन टाका’ असे आपण सहज म्हणतो. आमच्या मते क्रम उलटा हवा : आधी गरज, मग गाठोडे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत लोकांनी पाठविलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. तेथे काय हवे हे पाठविणाऱ्यांनी विचारलेच नव्हते.

नाशकात धर्मादाय सह आयुक्तांचे कार्यालय आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेस नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच कसला? मग पुसावे : सतरंज्या हव्यात की भांडी, आणि वाहून नेणार कोण? कुबड्या, चाकांची खुर्ची यांसाठी रुग्णसाहित्य वापरावयास देणारी संस्थाच गाठावी. तेथे एक वस्तू अनेक घरे फिरते.

संस्था न सापडल्यास बोहारीण आहेच. जुन्या लुगड्यावर ती भांडे देते, म्हणजे व्यवहार करते, उपकार मागत नाही. पुण्यात कचरावेचकांच्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या १९९३ च्या संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद बाया घरोघरचे जुने सामानही नेतात आणि त्यावर कमावतात. आम्हां संघटनेच्या माणसांना हा मार्ग अधिक रुचतो. फाटकी चादर मात्र कोणासही देऊ नये. तिचे पायपुसणे घरीच करावे.