पुंगळीचं माप आणि पुंगळीचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पितळेच्या पट्ट्यांचा कठीणपणा मोजत होतो. मिश्रधातू एकच, मशीनही एकच, पण आकडे इतके विखुरलेले की ग्राफ बघवत नव्हता. गाईडनी एवढंच विचारलं, "तुझ्या हातात येण्याआधी या पट्ट्यांचं काय काय झालंय?" मला माहीतच नव्हतं. दोन महिन्यांचं काम बाद!

या प्रश्नाचं मोल कळायला रायफलच्या काडतुसाची पुंगळी हे झकास उदाहरण आहे. तिच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. गोळी झाडली की वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला टेकते. दाब उतरला की ती जराशी आकसते, म्हणून तर बाहेर निघते. पण मूळ मापावर काही येत नाही. अमेरिकेत बरेच हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. त्याआधी पुंगळीला वंगण लावून ती पोलादी डायमध्ये दाबतात आणि माप परत आणतात. हे झालं रिसाइझिंग.

माप परत येतं, पण पितळ पहिल्यासारखं राहत नाही. प्रत्येक फुगण्या-दाबण्यात धातूच्या स्फटिकरचनेतले दोष, म्हणजे डिसलोकेशन्स, वाढतात आणि एकमेकांत अडकतात. धातू कडक होतो, पण न तुटता वाकण्या-ताणण्याची त्याची क्षमता घटते. यालाच वर्क हार्डनिंग म्हणतात. सगळ्यात जास्त हाल मानेचे होतात आणि काही फेऱ्यांनंतर ती उभी चिरते. म्हणून मानेपुरती उष्णता देऊन ती मऊ करतात. हे ॲनीलिंग. बूड मात्र कडकच ठेवावं लागतं, कारण तिथे दाब पेलायचा असतो.

आता नवी पुंगळी आणि पाच वेळा झाडून रिसाइझ केलेली पुंगळी शेजारी ठेवा. कॅलिपरला दोन्ही जवळपास सारख्याच दिसतील. फरक आहे तो इतिहासात.

हा न दिसणारा इतिहास आपल्याकडेही नडला होता. ब्रिटिश फौजेची भारतात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. या प्रकाराला सीझन क्रॅकिंग म्हणतात. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की तडा जायचा. पाऊस आणि घोडे सगळ्यांना दिसत होते, ताण कुणालाच दिसत नव्हता. आणि उपाय निघाला तो या ताणावरच: घडवून झाल्यावर पितळ सौम्य तापवून ताण उतरवायचा.

म्हणून संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना माझा एक सल्ला. पहिलं रीडिंग घेण्याआधी वहीत प्रत्येक सॅम्पलचं एक पान करा. कुठून आलं, किती दाबलं-ओढलं, किती तापमानाला किती वेळ ठेवलं, कशाने पुसलं. हो, कशाने पुसलं तेही लिहा. क्लीनरमध्ये अमोनिया असू शकतो! तुमचं सॅम्पल माती असो, रक्त असो की सर्व्हेचा फॉर्म, गाईडनी मला विचारलेला प्रश्न तुम्ही आधीच स्वतःला विचारा. माझे दोन महिने गेले, तुमचे वाचतील.