विश्लेषण : मार्कंडा दाराशी, पण कलेचा इतिहास शिकायला बडोदे?

वैनगंगेकाठचे मार्कंडा, भद्रावतीची विजासन लेणी, हिरापूरची महापाषाणकालीन स्मारके, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट. कलेच्या इतिहासाची एवढी सामग्री चंद्रपूर-गडचिरोलीत उघड्यावर उभी आहे. ती वाचायला शिकून त्यावर करिअर करायचे तर इथल्या विद्यार्थ्याने जायचे कुठे, याविषयी...

अभ्यासासारखे इथे काय आहे?

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा मंदिरसमूहाची सविस्तर नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अहवालात केली. त्याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. हे बिरूद पर्यटनासाठी ठीक, पण अभ्यासकाचे काम त्याच्यापुढे सुरू होते. कोणते शिल्प कोणत्या देवतेचे, घडण कोणत्या शतकातली, नंतरची डागडुजी कुठली, हे मांडण्यासाठी प्रशिक्षित डोळा लागतो. जीर्णोद्धारात दगड उतरवायचे तर प्रत्येकाचे रेखाटन, छायाचित्र आणि क्रमांक हवा. नाहीतर तो पुन्हा नेमका कुठे बसवायचा?

नागभीडजवळच्या देवटेकचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथल्या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. जुना मौर्यकालीन ब्राह्मीत, प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातला. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. जंगलाच्या जिल्ह्यात सापडलेली ही शिळा पाहायला आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जावे लागते.

दहावी-बारावीनंतर वाट कोणती?

सुरुवात शाळेतच होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा हा पहिला टप्पा. इंटरमिजिएटमध्ये ए श्रेणी मिळाल्यास दहावीला ७, बी मिळाल्यास ५ आणि सी मिळाल्यास ३ वाढीव गुण मिळतात. अनेक पालकांना या परीक्षेचा एवढाच उपयोग माहीत असतो! बारावीनंतर चार वर्षांच्या बी.एफ.ए.साठी राज्याची सीईटी द्यावी लागते. जवळचे शासकीय महाविद्यालय नागपूरला. शाळेत चित्रकला शिकवायची असेल तर आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे एटीडी, हा रूढ मार्ग आहे.

कलेचा इतिहास वेगळा शिकायचा तर?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेत हा स्वतंत्र विषय आहे. मात्र त्यासाठी हातात कुंचला असलाच पाहिजे असे नाही, हे फारसे कुणी सांगत नाही. गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयातून इतिहास घेऊन बी.ए. केलेला विद्यार्थी नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व या विषयाकडे वळू शकतो. पुण्याचे डेक्कन कॉलेजही आहे. मूर्तिशास्त्र, लिपी, नाणी असे विषय याच वाटेवर भेटतात. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे तर ‘नेट’मधील दृश्यकला या विषयात कलेच्या इतिहासाचाही समावेश आहे.

याशिवाय पुरातत्त्व खाते, संग्रहालये, जतन-संवर्धन आणि दस्तऐवजीकरण ही कामाची क्षेत्रे. जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून पदवीबरोबर छायाचित्रण, मोजमाप आणि नोंदी ठेवण्याचे कौशल्य असलेला उमेदवार उजवा ठरतो. माडिया किंवा गोंडी ही मातृभाषा असेल तर तीही शिदोरीच. दक्षिण गडचिरोलीत मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांची माहिती मराठीतून विचारून मिळते त्याहून कितीतरी अधिक घरच्या भाषेत मिळते.

प्रमाणपत्राशिवाय चालणारी कलाही इथे आहेच. दिवाळीनंतर वडशातून झाडीपट्टीची नाटके गावोगाव निघतात, त्यांचे पडदे रंगवणारे हात बहुधा कुणाच्या तरी हाताखाली तयार झालेले असतात. त्या पडद्यांचा इतिहास हाही एखाद्या प्रबंधाचा ऐवज आहे.

मग घोडे अडते कुठे?

शाळेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या निकषांनुसार सहावी ते आठवीचा पट १०० हून अधिक असेल तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देय ठरतो. जंगलातल्या विखुरलेल्या वस्त्यांच्या अनेक शाळांचा पट दोन आकडी असतो. निकष शहरी शाळेला साजेसा. भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत तो मुलांच्या आड येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कलेला अभ्यासक्रमाबाहेरचा विषय मानत नाही, पण पटाची अट आहे तिथेच आहे.

परिणामी एटीडी झालेल्या तरुणाला आपल्याच तालुक्यात जागा मिळणे कठीण, आणि त्याच तालुक्यातल्या मुलाला रेखाकला परीक्षेची माहिती देणारे कुणी नाही. या परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात. चित्रकला शिक्षक नसलेल्या शाळेत ते काम मुख्याध्यापकांनी अंगावर घेतले तर होते, नाहीतर ते वर्ष तसेच जाते.