कोलू पाटलाचा बांध

रोवणीच्या दिवसांत पावसानं दडी मारली की आपण आधी आभाळाकडे बघतो, मग तलावाकडे. हे तलाव बांधले कोणी? आज त्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

नवेगाव बांधचा तलाव आपल्यापैकी कित्येकींनी पाहिला असेल. आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत आपल्या भंडाऱ्यातच होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. कोहळी म्हणजे तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात हुशार शेतकरी. जो तलाव बांधेल त्याला जमीन, अशी गोंड राजांची रीत होती असं जुने लोक सांगतात. म्हणून गावोगावी तलाव झाले आणि बांधणारे गावचे पाटील झाले.

कोलू पाटलांनी डोंगर हेरले आणि मधल्या खिंडी मातीच्या पाळीनं अडवल्या. सतरा मैल घेराचं पाणी साठलं. लोकांनी पाटलांना देव मानलं. तिथल्या टेकडीवर कोलासूर देवाचं ठाणं आहे, ते त्यांचंच.

भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. पाळ बांधायला या बहिणींनी कोलूला मदत केली, अशी गोष्ट आहे. आम्हाला ती फार आवडते. नाव एका पाटलाचं राहिलं, पण मातीच्या टोपल्या एकट्यानं थोड्याच वाहिल्या असतील! गोष्टीनं निदान बहिणींची आठवण ठेवली.

तलाव एकदा बांधून भागत नाही. दरवर्षी पाळीवर माती टाकावी लागते, नहर साफ करावी लागते, गाळ उपसावा लागतो. मालगुजार हे गावाकडून करून घेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. म्हणून आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालक बदलला, पण दरवर्षीची देखभाल मागे पडली. कितीतरी तलाव गाळानं उथळ झाले. पाणी कमी साठलं की शेवटच्या बांधीतलं धान आधी वाळतं, आणि ती बांधी बहुतेक गरिबाचीच असते.

तलावातला गाळ काढण्याचं काम रोजगार हमीत घेता येतं. त्यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो. तेव्हा गटातल्या सगळ्या मिळून एकदा आपल्या तलावाच्या पाळीवरून चालून या. पाळ कुठे खचली, नहर कुठे बुजली, ते लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत मांडा. कोलू पाटलाला सात बहिणी होत्या. आपल्या गटात तर त्याहून जास्त आहेत.