शाळेतल्या मुलामुलींचा गाण्याचा क्लास : गटांनी काय ठरवायचं, पैसा कसा उभा करायचा



जून महिना तोंडावर आला की गटाच्या बैठकीत वह्या, गणवेश, फी हेच विषय असतात. यंदा मात्र आमच्या तीन-चार गटांमधून एक वेगळी मागणी आली. आठवी-नववीच्या मुली म्हणतात, आम्हाला गाणं शिकायचंय. तेही नुसतं स्नेहसंमेलनापुरतं नको, रीतसर शास्त्रीय. तालुक्याला क्लास आहेत, पण संध्याकाळी सातला सुटणाऱ्या क्लासला मुलीला कोण पाठवणार? शेवटची एसटी गेलेली असते. म्हणून क्लासच गावात आणता येईल का, यावर आम्ही बसून विचार केला. आज त्याबद्दलच बोलू.

आधी एका प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण तो प्रत्येक बैठकीत निघतो. गाणं शिकून पोट भरतं का? खरं सांगायचं तर शंभरातल्या एखाद्याचं भरतं. पण आपण मुलांना कबड्डी खेळू देतो ती काय पोट भरण्यासाठी? सुरात बसायला रोज तेच तेच घोटावं लागतं, कान देऊन ऐकावं लागतं, दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिळवावा लागतो. चारचौघांत तोंड उघडायची भीड मोडते. नववीनंतर ज्या मुलींचं शाळेतून मन उडतं, त्यांना शाळेकडे ओढणारी एक गोष्ट मिळते. एवढं झालं तरी पैसे वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही.

आणि गाणं आपल्याला परकं नाही. जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांनीच रचल्या. पण घरात गायचं ते वेगळं आणि लोकांसमोर बसून गायचं ते वेगळं, असा फरक बाईच्या वाट्याला फार काळ आला. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. त्यांच्या पिढीने वाट केली म्हणून आज आपली मुलगी शाळेच्या व्यासपीठावर बसून गाऊ शकते.

एकत्र शिकणं कमी दर्जाचं नाही

काही जण म्हणतात, शास्त्रीय गाणं गुरूच्या घरी राहूनच येतं, पंधरा पोरं एका खोलीत बसवून काय येणार? याचं उत्तर कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी कधीच देऊन ठेवलंय. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा अशा पद्धतीने सर्वसामान्यांच्या मुलांना गाणं शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज आपल्याकडची मुलं ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि बंदिशी स्वरलिपीत लिहून छापल्या. त्यामुळे वही-पुस्तक हाताशी धरून शिकणं सोपं झालं.

पहिल्या वर्षी काय शिकवायचं

शिक्षकांशी बोलायला जाताना आपल्यालाही थोडं माहीत असावं. सात शुद्ध स्वर, चार कोमल (रे, ग, ध, नी) आणि एक तीव्र म, असे मिळून बारा स्वर. त्यांची ओळख आणि अलंकार म्हणजे पलटे, हा पाया. मग भूपसारखा राग. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात, म आणि नी लागत नाहीत, त्यामुळे नव्या मुलांना तो झेपतो. त्यानंतर यमन, ज्यात तीव्र म येतो. गावातल्या कितीतरी अभंगांच्या चाली भूप, यमन, भैरवीत असतात. त्या मुलांच्या कानात आधीच आहेत. आपण काय गात होतो त्याचं नाव त्यांना इथे कळतं.

तालही हातावरच शिकता येतो. तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ, झपताल दहा, एकताल बारा. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या मुलांना हे लवकर जमतं.

एका तासाची वाटणी साधारण अशी ठेवता येते. दहा मिनिटं नुसता सा लावणं, पंधरा मिनिटं अलंकार, वीस मिनिटं राग आणि बंदिश, दहा मिनिटं ताल, शेवटची पाच मिनिटं वहीत लिहिणं. आठवड्यातून दोन दिवस क्लास आणि बाकीचे दिवस घरी वीस मिनिटं रियाज. शिक्षकांची परवानगी घेऊन त्या दिवसाचा धडा मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर घरी त्याच्याबरोबर म्हणता येतं.

एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवायची. तेरा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो. कालपर्यंत छान गाणारा पोरगा एकदम बेसूर वाटायला लागतो. त्याला हसायचं नाही आणि वरच्या पट्टीत ओढून गायलाही लावायचं नाही. ते काही महिने खालच्या पट्टीत हळू गावं, ताल पक्का करावा, तबल्यावर हात बसवावा. मुलींची पट्टी बहुधा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास असते, आवाज फुटलेल्या मुलग्यांची काळी एकच्या आसपास. म्हणून सगळ्यांना एकाच पट्टीत कोंबू नये. शक्य असेल तर दोन तुकड्या कराव्या.

सामान : आधी गावात काय आहे ते पाहा

नवीन वाद्यं घ्यायला धावू नका. देवळात, भजनी मंडळात, एखाद्या घरच्या माळ्यावर पेटी आणि तबला-डग्गा असतोच. पेटीचा भाता फाटलेला असतो, दोन-चार सूर बोलत नाहीत, तबल्याची पुडी सैल पडलेली असते. हे सगळं दुरुस्त होतं आणि नव्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. उसनं आणलेलं वाद्य लेखी नोंद करून आणा, कोणाचं, कोणत्या तारखेला, कोणत्या अवस्थेत. नाहीतर पुढे भांडण ठरलेलं.

तंबोरा सुरुवातीला विकत घ्यायची गरज नाही. मोबाईलवर तंबोऱ्याची फुकट अॅप मिळतात. त्यात पट्टी लावायची आणि छोट्या स्पीकरला जोडायचं, काम भागतं. पण वर्षातून एकदा तरी मुलांना खरा तंबोरा दाखवा. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात, त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर येतो, हे शेतकऱ्याच्या मुलीला कळलं की ते वाद्य तिला जवळचं वाटतं.

पावसाळ्यात वाद्यं जपायला लागतात. ओल धरली की तबला उतरतो आणि पेटीच्या भात्याला उंदीर लागतात. कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच फळीवर, कापडात गुंडाळून ठेवा आणि किल्ली कोणाकडे ते ठरवा.

जागा आणि वेळ

जागा म्हटलं की सगळे आधी देवळाचा मंडप सुचवतात. आमचं मत वेगळं आहे. देवळात क्लास ठेवला की महिन्यातले चार दिवस काही मुली येत नाहीत, आणि काही घरांतली मुलं तर पहिल्या दिवसापासूनच येत नाहीत. शाळेच्या खोलीत कोणाला अडचण नसते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पालक-शिक्षक संघात विषय मांडा आणि शाळा सुटल्यावर लगेचचा तास मागा. मुली उजेड असताना घरी पोचल्या पाहिजेत. धारा काढायची, पाणी भरायची वेळ क्लासवर आली तर पहिली गळते ती मुलगीच. म्हणून नाव घालतानाच घरच्यांशी बोलायचं, त्या दोन दिवशी तिचं काम कोण करणार? उत्तरात भावाचं नाव यायला हरकत नाही.

सुरक्षिततेबाबत आमचे तीन नियम आहेत आणि शिक्षक कितीही मोठे असले तरी ते बदलत नाहीत. क्लास चालू असताना खोलीचं दार उघडं राहील. गटाची एक बाई पाळीपाळीने तिथे बसेल. कोणत्याही मुलाला किंवा मुलीला एकटं शिकवणीला बोलावलं जाणार नाही. गुरूचा मान ठेवायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत असं नसतं. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि तो गाण्याच्या क्लासलाही लागू आहे. हे शिक्षकांना पहिल्याच भेटीत नीट शब्दांत सांगायचं. चांगल्या शिक्षकांना त्याचा राग येत नाही.

पैशाचा हिशोब

आता मुख्य गोष्ट. खाली एक नमुना सांगतो, तुम्ही तुमच्या भागातले आकडे घाला.

समजा पंधरा मुलं आहेत. शिक्षक महिन्यात आठ दिवस येतात, दर दिवशी मानधन ५०० आणि प्रवासखर्च १०० रुपये. म्हणजे महिन्याला ४,८०० आणि दहा महिन्यांचे ४८,०००. वह्या ६००. पेटी-तबला दुरुस्ती ४,४००. स्पीकर २,०००. परीक्षेची फी आणि जाण्यायेण्याला ५,०००. एकूण ६०,००० रुपये. पंधरा मुलांत वाटले तर एका मुलामागे वर्षाला ४,००० किंवा दहा महिने दरमहा ४००.

दरमहा ४०० रुपये मजुरीवर जाणारी आई देऊ शकत नाही. सगळा भार पालकांवर टाकला तर क्लास ज्यांच्यासाठी काढायचा त्याच मुली बाहेर राहतील. म्हणून वाटणी करू. पालकांनी दरमहा १५० दिले तर वर्षाचे २२,५०० होतात. ग्रामसंघातल्या दहा गटांतल्या १२० बायकांनी दरमहा फक्त ५ रुपये दिले तर दहा महिन्यांत ६,०००. राहिले ३१,५००. त्यासाठी शाळेचे माजी विद्यार्थी, गावातले नोकरदार, दूध डेअरी, पतसंस्था यांच्याकडे जायचं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी वापरायचा असतो. महिला ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा आणि ठरावाची नक्कल मागा.

तीन गोष्टी मात्र पाळायच्या. पहिली, गटाची बचत, फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी याला हात लावायचा नाही. तो पैसा कर्जासाठी आहे, आणि एखादीची शेळी किंवा दवाखाना त्यावर अवलंबून असतो. दुसरी, क्लासचं रजिस्टर वेगळं आणि पावती प्रत्येकाला. तिसरी, निदान तीन महिन्यांचं मानधन, म्हणजे वरच्या हिशोबाने १४,४०० रुपये, हातात आल्याशिवाय शिक्षकांना शब्द द्यायचा नाही. गाणं शिकवणाऱ्यालाही घर चालवायचं असतं. फी माफ करायची असेल तर ती दोघी-तिघींनी गुपचूप ठरवायची, नावं वाचून दाखवायची नाहीत.

परीक्षा आणि गुण

गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. अर्ज बरेच आधी भरावे लागतात, म्हणून जवळचं केंद्र कोणतं ते जूनमध्येच विचारून घ्या. आपल्याकडे सोयाबीन काढणी, दिवाळी आणि सहामाही एकत्र येतात, तेव्हा नव्या मुलांसाठी एप्रिल-मेचं सत्र बरं. दहावीच्या मुलांना मात्र डिसेंबरनंतर क्लासची सक्ती नको.

शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात, हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण एका परीक्षेवर काम होत नाही. ठरावीक संख्येने परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. नववीत सुरुवात करून दहावीला गुण मिळतील अशी आशा मुलीला लावू नका. गुण हवे असतील तर पाचवी-सहावीपासून सुरुवात करावी. मोठ्या मुलींनी गाण्यासाठी गाणं शिकावं.

आणखी दोन वाटा आहेत. केंद्र सरकारचा कला उत्सव २०१५ पासून भरतो. त्यात गायन-वादन असतं आणि शाळेमार्फत भाग घेता येतो. सीसीआरटी या केंद्रीय संस्थेची १० ते १४ वयोगटासाठी सांस्कृतिक शिष्यवृत्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी त्यात वेगळ्या जागा असतात. गावात गोंधळी, शाहीर, वाजंत्री यांची घरं असतील तर हे त्यांच्यापर्यंत आवर्जून पोचवा.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या बैठकीत एवढं करा. किती मुलामुलींना शिकायचंय त्यांची यादी, गावातल्या वाद्यांची यादी, तालुक्यातल्या दोन-तीन शिक्षकांची नावं आणि मुख्याध्यापकांना अर्ज. ही चार कामं चार जणींनी वाटून घ्या. जमलेल्या मुलांपैकी निम्म्या तरी मुली आहेत ना, हे यादीवरून बघा. नसतील तर वेळ, जागा किंवा फी यातलं काहीतरी अडतंय असं समजा, आणि ते सोडवूनच पुढे जा.

तुमच्या गावात असा क्लास चालू असेल तर आपल्या केंद्रावर येऊन सांगा. तुमचा हिशोब आणि अनुभव बाकीच्या गटांना उपयोगी पडेल.