चेंडूमागे धावणाऱ्या मुलाचा चरितार्थ

मुलगा वकील झाला, डॉक्टर झाला, निदान शाळेत मास्तर झाला, असे सांगताना आईबापांचा आवाज आपोआप वर चढतो. परंतु ‘आमचा मुलगा फुटबॉल खेळतो’ असे कोणी सांगितले, की ऐकणारा गृहस्थ क्षणभर थांबतो आणि विचारतो, ‘छानच, पण पोटापाण्याचे काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो व्यवहाराचा प्रश्न आहे व त्याचे उत्तरही व्यवहाराच्या भाषेतच दिले पाहिजे. फुटबॉलवर पोट भरणारे तरुण आज आपल्या देशात आहेत. त्यांतील मोजक्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. बाकीचे खालच्या पायऱ्यांवरील क्लबांतून खेळतात आणि त्यांची नावे त्यांच्या गल्लीबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असतात. प्रस्तुत लेख या दुसऱ्या वर्गाविषयी आहे. कारण आपल्या घरातील मुलाने हा मार्ग धरलाच, तर बहुतकरून तो याच वर्गात जाऊन बसणार आहे.

प्रथम ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणजे कोण, ते पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी चांगला खेळणाऱ्या मुलाला एखादी कंपनी, गिरणी, बँक किंवा रेल्वे नोकरीत घेई. हजेरीपटावर तो कारकून किंवा कामगार असे, सकाळ-संध्याकाळ सराव करी आणि पाय थकले की टेबलाशी जाऊन बसे. खेळ संपला तरी नोकरी उरे. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ साली तिच्या जागी आय-लीग आली आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. या काळात नोकरीची जागा हळूहळू कराराने घेतली. करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली की क्लब मोकळा आणि खेळाडूही मोकळा. व्यावसायिक खेळाडू तो, ज्याच्याजवळ असा लेखी करार आहे व ज्याला खेळाबद्दल खर्चापेक्षा अधिक मोबदला मिळतो. नुसती जर्सी, प्रवासखर्च आणि सामन्यानंतरचे जेवण मिळते, तोवर मुलगा हौशीच समजावा.

या धंद्याची शिडी पुष्कळ पायऱ्यांची आहे. सर्वांत वर इंडियन सुपर लीग, तिच्याखाली आय-लीग, मग दुसऱ्या दर्जाची आय-लीग आणि २०२३-२४ च्या हंगामापासून तिसऱ्या दर्जाचीही. या सर्वांखाली राज्यांच्या व शहरांच्या लीग असतात. नावे व नियम अधूनमधून बदलतात. पण रचना हीच, की जिंकणारा संघ वर चढावा व तळाचा खाली उतरावा. आपल्या मध्य प्रदेशापुरते सांगावयाचे तर भोपाळचा मदन महाराज क्लब २०२१ साली बंगळूर येथे झालेल्या आय-लीगच्या पात्रता स्पर्धेत उतरला होता. त्याच स्पर्धेतून मुंबईचा केंकरे क्लब आय-लीगमध्ये गेला आणि २०२२-२३ च्या हंगामाअखेर खाली उतरला. संघ उतरला म्हणजे उत्पन्न घटते, आणि उत्पन्न घटले की पहिली कात्री खेळाडूंच्या करारांना लागते. मुलींसाठीही २०१६-१७ च्या हंगामापासून राष्ट्रीय लीग आहे. पुढे जे सांगितले आहे ते त्यांनाही लागू आहे.

मराठी मुलखात या खेळाचे खरे घर कोल्हापूर. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ बाळगले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे तेथील लहान पोरेही संघांची नावे म्हणून घेतात, आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यांना हजारोंनी माणसे लोटतात. या गावचा अनिकेत जाधव २००० साली जन्मला. वडील रिक्षाचालक. मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेथून राष्ट्रीय संघाच्या निवडीपर्यंत पोहोचला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे तो इंडियन ॲरोज या होतकरू मुलांच्या संघातून आय-लीग खेळला, मग जमशेदपूर व नंतर हैदराबाद. २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता आणि मार्च २०२२ मध्ये वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडूनही खेळला. त्याच वर्षी त्याला उसनवारीवर ईस्ट बंगालकडे धाडण्यात आले व लवकरच तो ओडिशाच्या संघात गेला. उसनवारी म्हणजे करार एका क्लबाशी आणि खेळणे दुसऱ्याकडे. एवढा गुणी खेळाडू. परंतु जमशेदपूरपासून चार वर्षांच्या आत त्याला चार शहरांत बिऱ्हाड करावे लागले, हे लक्षात घ्यावे.

मुंबईच्या राहुल भेकेची वाट निराळी. त्याच्या नावाचा गवगवा लहान वयात झाला नाही. मुंबई एफ.सी., ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असे क्लब करीत तो २०१७ साली बंगळूरला गेला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतील अंतिम सामन्यात जादा वेळेच्या ११७ व्या मिनिटाला त्याने डोक्याने गोल मारला आणि बंगळूरला विजेतेपद मिळवून दिले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. २०२४ साली मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून त्याने तोच चषक उचलला. विलायतेत जेमी व्हार्डी या खेळाडूला शेफील्ड वेन्सडे क्लबाने सोळाव्या वर्षी काढून टाकले. तो कारखान्यात काम करीत लहान क्लबांतून खेळत राहिला, २०१२ साली दहा लाख पौंडांना लेस्टरकडे गेला आणि २०१६ साली इंग्लंडचा विजेता झाला. अशा कथा उमेद देतात. मात्र व्हार्डीबरोबर त्या लहान क्लबांत खेळणाऱ्या बाकीच्या मुलांवर कोणी लेख लिहीत नाही, हेही विसरू नये.

आता सर्वांत कटू गोष्ट. खेळाडू चांगला असून भागत नाही, क्लब टिकावा लागतो. महाराष्ट्रातीलच हिशेब पाहा. महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१० साली बंद झाला. २००७ साली निघालेला पुणे एफ.सी. २०१५ साली आटोपला. भारत एफ.सी. एक हंगाम खेळून गेला. मुंबई एफ.सी. आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ साली संपले व एफ.सी. पुणे सिटी २०१९ साली. पंजाबातील फगवाड्याची जेसीटी ही कापडगिरणी. तिच्या संघाने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०११ साली तोही संघ मोडला. मिल चालू तर चूल चालू, हे एके काळी ताप्ती मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या व मागाच्या खटखटाटावर झोपणाऱ्या आपल्या बुऱ्हाणपूरकरांना वेगळे सांगावयास नको. मालकाला खेळाची हौस असते तोवर क्लब चालतो. हौस फिटली किंवा पैसा आटला, की वीस-पंचवीस घरांतील मिळकत एका दिवसात थांबते.

म्हणून कराराचा कागद नीट वाचला पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाला आपल्या कायद्याने स्वतः करार करता येत नाही. पालकांची सही व पालकांची समजूत दोन्ही लागतात. जागतिक संघटना ‘फिफा’ हिच्या नियमानुसार अशा मुलाचा करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा धरला जात नाही, व मोठ्यांचा साधारणतः पाच वर्षांहून अधिक नसतो. मुदत संपल्यावर खेळाडूला मोबदल्याविना दुसरीकडे जाता येते. युरोपात हा हक्क १९९५ साली बोस्मन नावाच्या बेल्जियमच्या खेळाडूने न्यायालयात भांडून मिळविला. मुदतीच्या आत जावयाचे तर नवा क्लब जुन्याला रक्कम भरतो. क्लबाने किमान दोन महिन्यांचा पगार थकविला, तर खेळाडूने लेखी कळवून १५ दिवसांची मुदत द्यावी. तरीही पैसे आले नाहीत तर करार सोडण्यास ते रास्त कारण ठरते. हा नियम २०१८ पासून आहे, पण तो ठाऊक नसल्यामुळे मुले महिनोन्महिने उधारीवर खेळत राहतात. दाद मागण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची समिती आहे आणि २००६ साली स्थापन झालेली खेळाडूंची संघटनाही आहे. दलालाविषयीही सावध असावे. २०२३ पासून अशा एजंटाला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. ‘परवाना दाखवा’ असे म्हणण्यात संकोच कसला?

एक साधा हिशेब मांडून पाहू. मुलगा अठराव्या वर्षी पहिला करार करतो व बत्तिसाव्या वर्षी थांबतो, असे धरले तर चौदा हंगाम झाले. खालच्या लीगचे हंगाम काही महिन्यांचेच असतात. तरी हात सैल सोडून वर्षाला दहा महिन्यांचा पगार धरला, तर १४० महिने, म्हणजे बारा वर्षेही भरत नाहीत. साठीपर्यंत नोकरी करणारा माणूस याच्या तिपटीहून अधिक काळ कमावतो. त्यातच गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर सहा-नऊ महिने, कधी त्याहून अधिक, घरी बसावे लागते. नेमका त्याच सुमारास करार संपला, तर नवा क्लब लंगड्या घोड्यावर पैसे लावीत नाही. तेव्हा औषधोपचाराचा खर्च कोणी करावयाचा, विमा आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी विचारावे. कमाईच्या वर्षांत काही रक्कम बाजूला टाकणे ही काटकसर नव्हे, तो या धंद्याचाच एक भाग आहे.

दुसरी दोरी हाती असावी, हे ओघाने आलेच. रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांत खेळाडूंसाठी आजही जागा असतात, आणि त्यासाठी राज्याच्या संघातून संतोष करंडक किंवा विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचे प्रमाणपत्र मोलाचे ठरते. २०२४-२५ चा संतोष करंडक पश्चिम बंगालने जिंकला, तेव्हा तेथील सरकारने त्या खेळाडूंना नोकऱ्या देऊ केल्या. लीगच्या झगमगाटाच्या दिवसांतही घरच्यांना त्या नोकरीचाच आनंद अधिक वाटला असेल, तर नवल नाही. परंतु अशा जागेसाठी शिक्षणाची अट असते. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलाला गोल मारता आले तरी अर्ज भरता येत नाही. पंचगिरी आणि प्रशिक्षकाचे परवाने हाही मार्ग आहे. प्रशिक्षकाच्या प्राथमिक परवान्यापासून वरच्या दर्जापर्यंत पायरीपायरीने जाता येते आणि खेळत असतानाच त्याची सुरुवात करता येते.

बुऱ्हाणपुरासारख्या गावातील पालकांनी कशापासून आरंभ करावा? पहिली गोष्ट, जन्मतारखेचा दाखला खरा असावा. वय चोरून लहानांच्या संघात घुसवलेल्या मुलाचे बिंग मनगटाच्या हाडांच्या तपासणीत फुटते आणि नाव कायमचे डागाळते. दुसरी, मुलगा ज्या लहान क्लबातून खेळतो, त्याने महासंघाकडे त्याची रीतसर नोंदणी केली आहे काय, ते पाहावे. बारा वर्षांपासून त्याला कोणी घडविले, याची नोंद असली तर तो मोठा झाल्यावर त्या लहान क्लबालाही फिफाच्या नियमाने वाटा मिळू शकतो. गावातील मैदान अशाच पैशावर सुधारते. तिसरी, निवडचाचणीच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्या पत्रकांपासून दूर राहावे. ज्याला गुणी मुलगा हवा असतो, तो त्याच्याच बापाच्या खिशात हात घालीत नाही. आणि चौथी, दहावी-बारावीचे वर्ष मैदानासाठी बुडवू नये.

यातून कोणी असा अर्थ काढू नये, की मुलाला घरी कोंडून ठेवावे. लहान लीगमध्ये आठ-दहा वर्षे इमानाने खेळलेला मुलगा शिस्त शिकतो, चार प्रांतांची भाषा व जेवण त्याच्या अंगवळणी पडते, हरल्यावर दुसऱ्या दिवशी उठून सरावाला जाण्याची सवय लागते. ही कमाई बँकेत दिसत नाही, पण ती आयुष्यभर पुरते. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसले म्हणून त्याने आयुष्य वाया घालविले, असे मुळीच नाही. वाया जाते ते अज्ञानाने: न वाचलेल्या कराराने, अर्ध्यावर सोडलेल्या शाळेने आणि ‘होईल काहीतरी’ या भरवशाने.

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी प्रसंगी सभासदांपुढे एवढीच विनंती ठेवावीशी वाटते. आपल्यांत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले ज्येष्ठ आहेत. एखाद्या मुलाला बूट घेऊन देणे चांगलेच. पण त्याचा करार तासभर बसून वाचून देणे, खेळाडूंच्या जागांसाठी त्याचा अर्ज भरून देणे, परीक्षेच्या आधी त्याचे बुडालेले गणित करून घेणे, हे त्याहून मोठे दान होईल, आणि त्याला दमडीही लागत नाही. चेंडू मुलाच्या पायांत असू द्यावा. कागद मात्र घरातील जाणत्या माणसाच्या हाती असावा.